खणण्यापूर्वी विचारा

अंगणात खांब रोवायचा किंवा खड्डा खणायचा असला, की आपण मजूर बोलावतो. जागा आपलीच आहे, मग विचारायचे कुणाला, असे आपल्याला वाटते. पण जमीन आपली असली, तरी तिच्या पोटातून विजेच्या तारा, टेलिफोनच्या केबल, पाण्याचे व गॅसचे नळ गेलेले असू शकतात. ते साऱ्या वस्तीचे असतात. नळ फुटला, तर गल्लीला पाणी मिळत नाही. विजेच्या तारेवर कुदळ बसली, तर मजुराचा जीव जाऊ शकतो. घाई मालकाची आणि धोका मजुराचा, हा न्याय नव्हे!

२२ मार्च २०२३ रोजी भारतात ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू झाले. खणण्याची जागा त्यावर आधी कळवली, की तेथे ज्यांच्या केबल किंवा नळ आहेत, त्यांना सूचना जाते. तरीही नगरपालिकेत आणि वीज कार्यालयात विचारावे, असे माझे मत आहे. कारण प्रत्येक जुन्या नळाची नोंद असेलच असे नाही.

तुमच्या घरी खोदकाम निघाले, तर तुम्ही अदबीने विचारा, “अब्बा, खाली काय आहे, याची चौकशी केली का?”