काटा लगामाचा की हाताचा?

मुक्या जनावराच्या तोंडाच्या दोन गोष्टी आम्ही पैठणकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली ज्ञानेश्वरांची. त्यांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. दुसरी नाथांची. रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेले गंगाजळ त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले. या कथांकडे कुणी चमत्कार म्हणून पाहतो, कुणी रूपक म्हणून. काहीही मानले तरी जनावराच्या तोंडापाशी माणसाची परीक्षा होते, एवढे त्यातून कळतेच. आज मला या पंगतीत तिसरे एक तोंड बसवायचे आहे. ते आहे घोड्याचे. त्या तोंडात आपण वेद शोधत नाही आणि पाणी ओततो तेही कामापुरते. त्यात आपण लोखंड घालतो.

घोड्यांचा जमाना गेला, आता लगामाची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. पण तो पुरता गेलेला नाही. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही भरतो. माथेरानला मोटारगाड्या चालत नाहीत, म्हणून पर्यटकांची लेकरे घोड्यावर बसतात. गावोगावचे नवरदेव घोड्यावरूनच मांडवात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने थांबलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पुणे जिल्ह्यातल्या घाटांत बैलांच्या पुढे घोडी पळवणारी तरुण पोरेही पुन्हा दिसू लागली. त्यामुळे जोरकस घोडा भरधाव सुटला की त्याला आवरायला कोणता लगाम घ्यावा, हा प्रश्न जुन्या बखरीतला नाही, आजचाच आहे. बाजारात त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘जरा कडक घ्या, काटेरी घ्या.’

हे उत्तर चुकीचे का आहे, ते समजायला आधी घोड्याचे तोंड पाहू. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मध्ये बोटभर लांबीची मोकळी जागा असते. निसर्गाने ती आपल्यासाठी ठेवलेली नाही, पण हजारो वर्षांपूर्वी माणसाने ती हेरली आणि लगामाची सळई तिथे बसवली. या जागी जबड्याच्या हाडाची कड असते आणि तिच्यावर हिरडीचा पातळ पदर. खाली चरबी नाही, स्नायू नाही. आपण नडगीवर मार लागला की कसे कळवळतो, ते आठवावे. त्याच कडेवर आणि जिभेवर सळई टेकते.

आता सळयांचे प्रकार. ढोबळ मानाने ते दोनच. पहिला साधा. आडवी सळई, बहुधा मध्ये सांधा, आणि दोन्ही टोकांना कड्या. लगामाची दोरी थेट कडीला बांधलेली. हाताने जेवढे ओढाल तेवढेच तोंडात पोहोचते. दुसरा तरफेचा. यात सळईच्या दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात, दोरी दांडीच्या खालच्या टोकाला असते आणि हनुवटीखालून एक साखळी जाते. समजा, दांडीचा सळईवरचा भाग 4 सेंटिमीटर आणि खालचा 12 सेंटिमीटर आहे. मग हाताने एक किलोचा ओढा दिला, तर साखळीवर तिप्पट ताण येतो आणि जबड्याच्या कडेवर त्याहूनही अधिक. शाळेतल्या तरफेचेच हे गणित. हिशेब ज्याला कळतो त्याच्या हाती हा लगाम सूक्ष्म इशारा देतो, बोट हलवले तरी पुरते. ज्याला कळत नाही त्याच्या हाती तो हातोडा होतो.

काटेरी लगाम या दोन्हींत बसत नाही. त्यात सळईवर दाते, खिळे किंवा धारदार गोट्या असतात. त्यात कसले गणितही नाही, फक्त जखम आहे.

मग काटेरी लगामाने घोडा थांबत नाही का? पहिल्या दिवशी थांबतो. महिन्याभराने हिरडी फाटते, भरते, पुन्हा फाटते आणि तिथे निबर वण उठतो. जिथे इशारा कळायचा ती जागाच बधिर होते. लोक मग म्हणतात, घोडा तोंडाचा कठीण आहे. अहो, तो कठीण जन्मला नव्हता. कठीण तोंड घडवले जाते, आणि ते घडवणारा पुढे त्याहून कडक लगाम शोधत फिरतो.

त्यात दुसरीही एक गोम आहे. घोडा हे पळणारे जनावर. भीती वाटली की झाडावर चढत नाही, बिळात शिरत नाही, पळतो. दुखले की पळतो, आणि जे दुखते ते तोंडातच असेल तर त्याच्यापासून सुटण्यासाठी आणखी पळतो. स्वार घाबरून दोन्ही हातांनी लगाम खेचून धरतो, घोडा त्या लोखंडावर भार टाकतो आणि त्याच आधाराने पुढे रेटतो. चारशे किलोचे जनावर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने निघाले असताना साठ किलोच्या माणसाने त्याच्याशी रस्सीखेच खेळू नये. त्यात कोण जिंकणार हे उघड आहे.

याचा पुरावा पाहायचा असेल तर मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जावे. आपल्याकडचे सर्वांत वेगवान घोडे तिथे धावतात, ताशी साठ किलोमीटरचा वेग सहज गाठतात. त्यांच्या तोंडात बहुधा काय असते? साधी कडीची सळई. तिथले जॉकी वेग आवरतात तो शरीराच्या तोलाने, श्वासाने आणि हाताच्या ओढ-सोडीने. ओढून धरणे वेगळे आणि ओढून सोडणे वेगळे. ओढीत इशारा असतो आणि सोडीत शाबासकी. शाबासकी मिळालीच नाही तर इशाऱ्याला अर्थ उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका टांगेवाल्याकडून ऐकले होते. बँकेत असताना मराठवाड्यातल्या ग्रामीण शाखांत टांगा आणि घोडा यांसाठी कर्जाचे अर्ज येत. कर्ज देण्याआधी जनावर पाहायला जावे लागे. असाच एका म्हाताऱ्या चाचांचा घोडा पाहायला गेलो. दांडगे जनावर, अंगात मस्ती. लगामाच्या लोखंडावर चाचांनी मऊ चामडे गुंडाळून शिवले होते. ‘चाचा, एवढा जोरकस घोडा आणि लगाम असा मऊ? आवरतो कसा?’ मी विचारले. चाचा म्हणाले, ‘साहेब, आपन ओढून धरलं की ते आनखी ओढतंय. आपन थोडं सोडलं की तेबी सोडतंय. लोखंडानं थांबत नाय साहेब, सवयीनं थांबतंय.’ अर्जातल्या ‘अनुभव’ या रकान्यात मी काय लिहिले ते आता आठवत नाही. हे वाक्य मात्र राहिले. पुढे कर्जवसुलीच्या कामातही ते उपयोगी पडले. ज्या गावात पहिल्या हप्त्यालाच जप्तीची भाषा झाली, त्या गावाचे तोंड बँकेसाठी कायमचे कठीण झालेले मी पाहिले आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. स्वाराकडे किमान दोन लगाम असावेत, एक गुळगुळीत आणि एक खडबडीत, असे तो सांगतो. खडबडीताची ओळख झालेला घोडा गुळगुळीताला मान देतो, हा त्याचा तर्क. लढाईच्या गर्दीत त्यात तथ्यही असेल. लढवय्याची अडचण खरी असते. एका हातात भाला किंवा तलवार, म्हणून लगाम उरलेल्या एकाच हातात. त्याला थोडक्या इशाऱ्यावर वळणारा घोडा हवाच. पण तोच झेनोफन असेही बजावतो की, जबरदस्तीने करवून घेतलेले काम घोडा न समजता करतो. एका ग्रंथातली ही दोन मते एकत्र वाचायला हवीत.

वेगाने घोडी हाकणाऱ्यांचा इतिहास आमच्या अंगणातच घडला आहे. फेब्रुवारी 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडले ते पालखेड याच जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात. त्यानंतर 6 मार्चला तह झाला तो मुंगी-शेवगावचा, आणि ही मुंगी पैठणच्या शेजारची, गोदाकाठची. तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवून निघालेल्या हलक्या घोडदळाचे ते यश होते. भीमथडीची घोडी त्या काळी नावाजलेली होती. अलीकडेच भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली. दिवसेंदिवस मजला मारणाऱ्या अशा फौजेचा घोडा संध्याकाळी दाणा-वैरण खाऊ शकला पाहिजे. तोंड फाटलेला घोडा चंदी खात नाही आणि न खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी मजल मारत नाही. तोंड जपणे ही तिथे दया नव्हती, गरज होती.

मग जोरकस घोड्यासाठी लगाम निवडायचा तरी कसा? जाणकारांचा क्रम सोपा आहे. आधी तोंड उघडून पाहावे. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल कापत असतील तर पशुवैद्याकडून त्या घासून घ्याव्यात. पुष्कळ ‘मस्तवाल’ घोडे एवढ्यानेच शांत होतात. मग खोगीर पाठीला टोचते का, तंग फार आवळला आहे का, हे पाहावे. दाणा जास्त आणि काम कमी, असे तर नाही ना, तेही पाहावे. सळई तोंडाच्या मापाची हवी, दोन्ही बाजूंनी जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर राहील एवढी. फार बारीक सळई दोरीसारखी कापते आणि फार जाड सळई लहान तोंडात मावत नाही. त्यानंतर स्वाराची मांड. ज्याची मांड पक्की नाही तो तोल सावरायला लगामालाच लोंबकळतो, आणि त्याच्या वजनाची शिक्षा घोड्याच्या जबड्याला होते. हे सगळे करूनही मोकळ्या मैदानात घोडा अंगावर येत असेल, तर सांध्याची वेगळी सळई किंवा सौम्य तरफेचा लगाम, तोही शिकलेल्या हातात. आणि सुटलाच तर सरळ रेषेत ओढत बसू नये. जागा असेल तर मोठ्या वर्तुळात घ्यावा आणि वर्तुळ हळूहळू लहान करावे. एकदम वळवला तर स्वार आणि घोडा दोघेही जमिनीवर येतात.

या यादीत काटेरी लगाम कुठेच येत नाही. कायद्यातही त्याला जागा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीचे त्याखालचे नियम 1965 चे. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटे, खिळे किंवा टोकदार उंचवटे असलेला लगाम वापरायचा नाही, असे त्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. साठ वर्षे होऊन गेली, तरी यात्रेतल्या दुकानांत असे लगाम उघड टांगलेले दिसतात. कारण साधे आहे. सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहते, कानांचा बाक पाहते, अंगावरचे भोवरे मोजते, वय कळावे म्हणून दातही पाहते. पण त्या दातांच्या मागे बोटभर अंतरावर असलेली जखम पाहायची त्याला सवय नाही.

ही सवय घरापासून लागू शकते. पुढच्या सुट्टीत मुलाला किंवा नातवाला थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसवाल, किंवा घरच्या लग्नात वरातीचा घोडा ठरवाल, तेव्हा भाव करण्याआधी घोडेवाल्या दादांना एवढेच म्हणा, ‘दादा, जरा याचा लगाम दाखवता?’ ओठांच्या कोपऱ्यात रक्त किंवा वण दिसले, सळईला काटे दिसले, तर त्या घोड्यावर लेकरू बसवू नका. ते लेकराच्या जिवासाठीही धोक्याचे आहे. दुखणारा घोडा कधी उधळेल याचा नेम नसतो. आणि तोंड स्वच्छ दिसले, सळई गुळगुळीत दिसली, तर घासाघीस न करता दादा मागतील ते पैसे द्या. घोडा जपणाऱ्याचे पोट भरले, तरच काटेरी लगामाचे दुकान बंद होईल.