वाहतूक आराखडा आणि हरकतीचा हक्क



दीर्घकालीन वाहतूक नियोजन हे केवळ तज्ज्ञांचे काम असून जनसुनावणीमुळे प्रकल्प रखडतात, हे गेल्या अंकातील पत्रातले मत मुंबई महानगर प्रदेशाच्या अनुभवावर टिकत नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008मध्ये पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात प्रवास-मागणीचे प्रतिमान, म्हणजे भावी लोकसंख्या व रोजगार यांच्या विभागणीवरून 2031पर्यंतच्या फेऱ्यांचा अंदाज बांधणारे गणित, वापरले गेले. परंतु रोजगार कोठे वाढू द्यावा हे गणितातून निघत नसून धोरणाने ठरते, आणि मतभेदाची खरी जागा तीच आहे. त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले, तरी उड्डाणपूल आधी आणि पदपथ शेवटी (तेही जागा उरली तर) हा क्रम फारसा बदलला नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रारूप प्रादेशिक योजनेवरील हरकतींसाठी किमान चार महिने देतो. वाहतूक अभ्यासावर मात्र असे वैधानिक बंधन नसल्याने मार्गिका आधी ठरतात आणि नागरिकांच्या वाट्याला भूसंपादनाची सुनावणी तेवढी येते. पत्रलेखकास खटकणारा विलंब बहुधा तेथेच जन्मतो, कारण रेखांकन पक्के झाल्यावर हरकत घेणाऱ्यास न्यायालयाखेरीज दुसरे दार उरत नाही.

— एक वाचक