आरोग्यधन : लहान मात्रा आणि तपाचे दिवस



उच्च रक्तदाबासाठी डॉक्टरांनी ‘लघवीची गोळी’ लिहून दिली, की आपल्या घरांत दोन शंका निघतात. एवढ्याशा मात्रेने काय साधणार? आणि उपवासात ती चालेल का? दोन्हींचे उत्तर चातुर्मासापूर्वी मिळालेले बरे.

क्लोरथॅलिडोनसारखे औषध मूत्रपिंडांवाटे जादा मीठ व पाणी बाहेर टाकते. काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात. पूर्वी ही औषधे ५० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत देत. अनुभवाअंती कळले की मात्रा वाढवली तरी रक्तदाब त्या प्रमाणात उतरत नाही. मात्र पोटॅशियम घटते, साखर व युरिक आम्ल वाढते. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढील ४,७३६ रुग्ण होते. त्यात केवळ १२.५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून, गरजेनुसार मात्रा वा दुसरे औषध वाढवून, पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे २०१७ पासूनच्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्याच्या उपचारक्रमातही हे स्वल्पमोली औषध आहे.

आता तपाविषयी. ही गोळी सकाळी घेणेच योग्य, म्हणजे रात्री वारंवार उठावे लागत नाही. नवकारसीनंतर पाण्यासोबत घेतली, तर चौविहारालाही बाध येत नाही. परंतु निर्जळ उपवासात किंवा अठाईत शरीरातील पाणी आधीच घटलेले असते. त्यात गोळी चालू राहिली तर सोडियम-पोटॅशियम उतरून चक्कर, पोटऱ्यांत गोळे, वृद्धांना भ्रमही होऊ शकतो. उलट गोळी मनानेच बंद केली तर रक्तदाब पुन्हा चढतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना तपाचे दिवस सांगावेत, मूत्रपिंड व क्षारांची रक्ततपासणी करून घ्यावी आणि गोळी कोणत्या दिवशी घ्यायची, कोणत्या दिवशी नाही, हे लिहून घ्यावे. तीव्र आजारात समाधी टिकावी म्हणून पच्चक्खाणाच्या पाठात आगार ठेवलेला आहेच. त्याविषयी गुरुमहाराजांना निःसंकोच विचारावे.

आणखी एक. हिरव्या भाजीच्या त्यागात ताटात पापड, लोणचे वाढते. जे मीठ गोळी बाहेर टाकते तेच आपण पुन्हा आत घेत असू, तर औषधाचा लाभ कसा व्हावा?

पेढीवर बसणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब कन्नडच्या सरकारी रुग्णालयात वा आपल्या डॉक्टरांकडे दरमहा मोजून वहीत नोंदवावा. तप निर्विघ्न व्हावे, यासाठीच ही सावधगिरी.