वर मैदान, खाली प्रवासी

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलची मॅच बघणारा प्रेक्षक खरं तर एका रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर बसलेला असतो. खाली आहे पेन स्टेशन. १९१० साली सुरू झालेली त्याची देखणी इमारत १९६३ पासून पाडली गेली. तोट्यातल्या रेल्वे कंपनीला वरच्या जागेतून पैसा उभा करायचा होता. १९६८ मध्ये वर गार्डन उघडलं आणि प्रवासी तळघरात गेले.

आता ते निस्तरणं महाकठीण झालंय. गार्डनचे खांब थेट प्लॅटफॉर्मपर्यंत उतरलेत. कोविडआधी इथून रोज सहा लाखांच्या आसपास लोक ये-जा करायचे. २०२१ मध्ये समोर उजेडाचा नवा मॉयनिहन हॉल झाला, पण प्लॅटफॉर्म तेच अरुंद राहिले. २०२३ मध्ये सिटी कौन्सिलने गार्डनला फक्त पाच वर्षांचा परवाना दिला, तरी ते हललेलं नाही.

आपल्याला काय त्याचं? आहे ना! सीएसएमटीच्या पुनर्विकासाला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात रूफ प्लाझा आहे, दुकानं आहेत, कॅफेटेरिया आहेत. जरूर असू द्या. पण रोज लोकलने कॉलेज गाठणाऱ्यांनी आधी विचारायला हवं, जिने किती रुंद होणार? गर्दीच्या वेळी बाहेर पडायला वाटा किती? हे आत्ताच विचारा. वर एकदा बांधलं की खालच्यांच्या वाट्याला पन्नास-पन्नास वर्षं नुसती घुसमट येते.