उपवास, उपासमार आणि उतारवय

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात वरई हे रोजचे अन्न. शहरातील घरांत तीच भगर होऊन एकादशीच्या ताटात येते. एकाच्या घरची भूक भागवणारे धान्य दुसऱ्याच्या घरी उपवासाचे ठरते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. या भागातील ज्येष्ठांना रिकामी कणगी ऐकून नव्हे, पाहून ठाऊक आहे. शहरातला मुलगा अशा आईला ‘आता दोनच वेळा जेव’ असे सांगतो, तेव्हा क्षणभर थांबून विचार करावयास हवा.

दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवणे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवली. जेवणांतील अंतर वाढले की इन्सुलिनची पातळी खाली राहते, यकृतातील साखरेचा साठा ओसरतो आणि शरीर चरबी वापरू लागते. मात्र वजन घटते ते मुख्यतः एकूण खाणे कमी झाल्यामुळे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे झाल्यास साबुदाण्याची खिचडी सारे मुसळ केरात घालते.

पोट सुटलेल्या, बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन व्यक्तीला याचा लाभ होऊ शकतो. उतारवयाचे गणित निराळे आहे. वयानुसार स्नायू आपोआप झिजतात; उपवासात चरबीबरोबर तेही घटतात. मग उठता-बसता तोल जातो आणि एक पडणे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते. म्हणून कृश, अशक्त किंवा नकळत वजन उतरत असलेल्या ज्येष्ठांनी उपवासाच्या वाटेला जाऊ नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची खूण. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

ज्यांना वजन खरोखरच उतरवायचे आहे, त्यांनी सौम्य वाट धरावी. रात्रीचे जेवण सातच्या सुमारास आटोपावे आणि सकाळी सातपर्यंत पाण्याखेरीज काही घेऊ नये. ताटात नागलीची भाकरी, उडदाचे वरण, अंडे किंवा मासळी असावी. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस, हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहादा उठावे-बसावे. सुरुवातीस शेजारी कोणी उभे असावे.

जव्हारच्या चढ-उतारांवर आयुष्यभर पाण्याचे हंडे वाहिलेल्या आजीला व्यायाम शिकवण्याची गरज नाही. तिच्या ताटात काय वाढले जाते, हे पाहण्याची आहे. उपवास हा पोटभर जेवणाऱ्याचा निर्णय असतो; ज्याचे पोट कधी पुरते भरलेच नाही, त्याला आधी जेवू घालणे हेच पथ्य.