लिलावाचा अखेरचा क्षण

बँकांनी ताब्यात घेतलेल्या मालमत्तांच्या ई-लिलावाच्या सूचना आता वर्तमानपत्रांत नित्याच्या झाल्या आहेत. बारीक टायपातील त्या चौकटींत कर्जदाराचे नाव, थकबाकीची रक्कम, सदनिकेचे वा कारखान्याचे क्षेत्रफळ, राखीव किंमत, अनामत रक्कम आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट असते. लिलावाच्या वेळेपुढे बहुधा आणखी एक तुकडा छापलेला असतो : ‘प्रत्येकी पाच मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह’. काही सूचनांत पाचऐवजी दहा मिनिटे असतात. वाचकाची नजर या शब्दांवर क्वचितच थांबते. ज्याचे घर त्या चौकटीत आहे, त्याच्यावर किती कर्ज शिल्लक राहणार हे मात्र पुष्कळदा याच तुकड्यावर ठरते. लिलाव सुरू कसा करावा याची चर्चा आपण भरपूर करतो. तो संपवावा कसा, हा प्रश्न तितकाच जुना आणि तितकाच महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे आजचे रूप ‘ईबे’ या अमेरिकी संकेतस्थळामुळे जगासमोर आले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या बाजारात वस्तू काही दिवस बोलीसाठी खुली राही आणि ठरलेल्या सेकंदाला लिलाव बंद होई. बोलीदाराने आपली कमाल रक्कम संगणकाला सांगून ठेवायची. मग संगणक त्याच्या वतीने, प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच, बोली वाढवत नेई. म्हणजे विजेत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडेसेच अधिक द्यावे लागे. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातील खरी किंमत सांगणे हेच त्याच्या हिताचे असते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच बंद पाकिटांतील बोलींबाबत दाखवून दिले होते. त्या हिशेबाने ईबेवर शेवटच्या सेकंदाची वाट पाहण्याचे कारणच उरत नव्हते.

प्रत्यक्षात घडले ते उलटेच. दिवसेंदिवस सामसूम असलेल्या लिलावांत अखेरच्या मिनिटाला बोलींची झुंबड उडू लागली आणि नेमक्या शेवटच्या सेकंदांत बोली टाकणारी सॉफ्टवेअरे बाजारात आली. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेची तुलना त्या काळी ‘अ‍ॅमेझॉन’ चालवीत असलेल्या लिलावांशी केली. अ‍ॅमेझॉनचा नियम एकाच बाबतीत वेगळा होता : शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, तर लिलाव आपोआप पुढे सरके. तेवढ्या एका फरकाने बोलीदारांचे वर्तन पालटले. ईबेवर अखेरच्या क्षणीच्या बोली सर्रास होत्या, अ‍ॅमेझॉनवर त्या तुलनेने फारच कमी.

थांबणाऱ्याचा हिशेब सरळ आहे. लवकर बोली लावली की दोन गोष्टी उघड होतात : आपल्याला ती वस्तू हवी आहे आणि ती तेवढ्या किमतीची आहे. जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक मोलाची. जाणकाराने हात वर केला की वस्तू अस्सल असल्याची ग्वाही इतरांना फुकटात मिळते. ईबेवरही संगणकांच्या तुलनेत जुन्या कलावस्तूंच्या लिलावांत उशिराच्या बोली अधिक आढळल्या, त्याचे कारण हेच. शिवाय अनेक बोलीदार आपली कमाल रक्कम आधी सांगत नाहीत. कोणी मागे टाकले की मगच ते वाढवतात. अशांना उत्तर द्यायला वेळच मिळू नये, हा उशिराच्या बोलीचा हेतू. यात लबाडी नाही. नियमाने जे फायदेशीर ठरवले तेच बोलीदार करतो. तोटा होतो तो विक्रेत्याचा, आणि जास्त किंमत देण्याची तयारी असूनही वेळेत न पोहोचलेल्या खरीदाराचा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही दिसत नाही. सतराव्या शतकातील लंडनमध्ये मेणबत्तीचे लिलाव होत. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्यापूर्वीची शेवटची बोली ग्राह्य धरायची. ज्योत कधी विझेल हे कोणालाच ठाऊक नसल्याने थांबून राहणे धोक्याचे ठरे. युक्ती मोठी हुशारीची होती. पण इंग्लंडच्या नौदल कचेरीतील अधिकारी सॅम्युएल पेपिस यांनी सप्टेंबर १६६२ मधील एका रोजनिशीत जुन्या जहाजांच्या अशाच एका विक्रीची हकिकत नोंदवली आहे. तेथील एक बोलीदार इतरांहून चतुर निघाला. ज्योत विझण्याच्या बेतात असताना धूर खाली वळतो, हे त्याने हेरले होते आणि तो धूर पाहूनच तो अखेरची बोली लावत असे. साडेतीनशे वर्षांनंतर धुराची जागा सॉफ्टवेअरने घेतली, एवढेच.

आपल्याकडील सभागृहातील लिलावाने हा पेच आपल्या परीने सोडवला होता. माझ्या सेवेच्या पहिल्या दशकात मद्यविक्रीचे ठेके, जंगलातील तोड आणि नदीपात्रातील वाळू यांचे लिलाव जिल्हा कचेरीत होत. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ या पुकाऱ्यात कोणाचाही हात वर झाला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. कोणी बोलायचे उरले नाही, याची खात्री झाल्यावरच हातोडा पडे. त्या सभागृहांचे दोषही मी पाहिले आहेत : दारात उभी असलेली दांडगी माणसे, आदल्या रात्री ठरलेला ‘समझोता’, बाहेरगावच्या बोलीदाराला मिळालेली समज. ई-लिलावाने बोलीदाराला घरबसल्या आणि निनावी बोली लावण्याची सोय दिली, हा मोठाच लाभ. मात्र ईबेसारख्या बाजाराने हातोड्याच्या जागी घड्याळ बसवले आणि पुन्हा मोजण्याची सोय काढून घेतली. बँकेच्या सूचनेतील ‘अमर्याद मुदतवाढ’ म्हणजे तो जुना हातोडाच परत आणणे होय.

भारतीय प्रशासनाला ‘वेळेच्या नियमा’ची किंमत कळली ती फार महाग पडल्यावर. १० जानेवारी २००८ रोजी दूरसंचार विभागाने दुपारी प्रसिद्धीपत्रक काढले आणि अर्जदारांना त्याच दिवशी साडेतीन ते साडेचार या तासाभरात येऊन इरादापत्रे घेण्यास सांगितले. ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या नावाखाली संचार भवनात जी धावाधाव झाली, ती लिलावातील अखेरच्या सेकंदाचीच दुसरी बाजू होती. तेथे किमतीऐवजी पायांचा वेग आणि आगाऊ मिळालेली माहिती मोलाची ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील सर्व आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, हेही सांगितले पाहिजे. गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी पद्धत सदोष होती, हा धडा कायम राहतो.

त्याच विभागाने २०१० मध्ये थ्रीजी ध्वनिलहरींचा जो लिलाव केला, त्यात शेवटच्या सेकंदाला जागाच नव्हती. १८३ फेऱ्या आणि ३४ दिवस चाललेल्या त्या लिलावातून सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. अमेरिकेत १९९४ पासून झालेल्या ध्वनिलहरींच्या लिलावांसाठी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांनी ज्या नियमांची आखणी केली होती, त्यांचाच हा वारसा. दोघांना २०२० मध्ये नोबेल मिळाले. त्या नियमांचे सार असे, की जो सुरुवातीच्या फेऱ्यांत गप्प बसतो, त्याची पुढे बोली लावण्याची पात्रता घटत जाते. आणि नवी बोली येणे थांबले की लिलाव संपतो. मौन हीच जेथे महाग गोष्ट ठरते, तेथे कोणी दबा धरून बसत नाही.

कोळशाच्या बाबतीतही न्यायालयाच्या दणक्यानंतरच जाग आली. सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ खाणपट्टे रद्द झाले आणि पुढच्या वर्षी सरकारी ‘एमएसटीसी’ कंपनीच्या संगणकप्रणालीवर त्यांचे ई-लिलाव सुरू झाले. खनिजपट्ट्यांच्या अशा लिलावांत शेवटच्या आठ मिनिटांत बोली आली, तर तिच्यापासून पुढे आणखी आठ मिनिटे मिळतात. बड्या कंपन्यांना न्याय्य अंत मिळावा, याची काळजी अशी नियमातच घेतलेली आहे.

आता पुन्हा त्या बारीक टायपाकडे वळू. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकू शकते. विक्रीतून देणे फिटून रक्कम उरली, तर ती हक्कदाराला परत मिळते; कमी पडली, तर उरलेली थकबाकी कर्जदाराच्या मानगुटीवर राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. खरीदाराला खात्री हवी म्हणून हा निर्णय समजण्याजोगा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की सूचनेनंतर कर्जदाराच्या हितासाठी उरते ती एकच गोष्ट, मिळणारी किंमत. आणि ती किंमत लिलावाच्या अखेरच्या मिनिटांत ठरते. लाखभर रुपयांच्या एका पायरीचा फरक बँकेच्या ताळेबंदात दिसतही नाही. गिरणीवाल्याच्या वा छोट्या दुकानदाराच्या घरात मात्र तो मुलांच्या कित्येक वर्षांच्या शिक्षणाएवढा असतो.

मुदतवाढ हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे, हेही इतिहासच सांगतो. १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर बंगालमध्ये ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत सारा न भरणाऱ्या जमीनदाराची मालमत्ता लिलावात निघे. या नियमाला ‘सूर्यास्ताचा कायदा’ असेच नाव पडले. १७९७ मध्ये बर्दवानच्या राजाच्या महालांचा लिलाव झाला. मोठ्या बोली लावणारे अनेक खरीदार प्रत्यक्षात राजाचेच नोकर आणि कारभारी होते, आणि ९५ टक्क्यांहून अधिक विक्री दिखाऊ होती, असे इतिहासकार सांगतात. बोली लावणारा कोण, हे तपासले नाही तर वेळेचा कितीही काटेकोर नियम व्यर्थ ठरतो. २०१५ मध्ये काही कोळसाखाणींच्या सर्वोच्च बोली सरकारने अपुऱ्या ठरवून नाकारल्या, तेव्हाही हेच दिसले : घड्याळ स्पर्धेला वाव देते, स्पर्धा निर्माण करत नाही. बोलीदार दोनतीनच असतील आणि त्यांचे आपसांत ठरलेले असेल, तर त्यांना उघड लिलावापेक्षा बंद पाकिटाची अधिक भीती वाटते. उघड लिलावात शब्द मोडणाऱ्याला तेथल्या तेथे उत्तर देता येते. म्हणूनच खाणींच्या लिलावांत आधी बंद प्रस्ताव आणि मग उघड बोली अशी दोन टप्प्यांची पद्धत ठेवली गेली, ती शहाणपणाचीच आहे.

लिलाव लांबत गेला की बोलीदाराला ईर्षा चढते, हा आक्षेपही खोटा नाही. सरफेसीच्या नियमांनुसार यशस्वी बोलीदाराला अनामतीसह एकचतुर्थांश रक्कम त्याच वा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली साधारणपणे पंधरा दिवसांत. ती जमली नाही तर भरलेले पैसे जप्त होतात. जेमतेम मिळकतीचा माणूस हातघाईत दोन पायऱ्या अधिक चढला, की हा धोका त्याच्यापुढे उभा राहतो. याला उपाय घाईचा शेवट हा नाही. विचार करायला पुरेसा अवधी देणे हा आहे.

काही गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. पाच मिनिटांचा अवधी घरातल्यांशी वा भागीदाराशी फोनवर बोलण्यासही अपुरा आहे. खाणकंपनीला आठ मिनिटे मिळत असतील, तर घर घेणाऱ्याला किमान दहा मिळावीत आणि हा नियम सर्व बँकांना एकच असावा. अखेरच्या काळात संकेतस्थळ बंद पडले, तर लिलाव आपोआप स्थगित होऊन पूर्वसूचनेने पुन्हा सुरू व्हावा. संबंधित अधिकाऱ्याच्या मर्जीवर हे सोडू नये. प्रत्येक बोलीची वेळ आणि रक्कम दाखवणारी नोंद, नावे झाकून का होईना, लिलावानंतर जाहीर करावी आणि तिची प्रत कर्जदाराला हक्काने मिळावी. त्याच नोंदींची नियमित छाननी झाली, तर पुन:पुन्हा एकत्र येणारे आणि आळीपाळीने जिंकणारे बोलीदार उघडे पडतील. संगनमताच्या बोलीला २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ ने आधीच मनाई केलेली आहे. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. पुरेसे आहे ते एखादे परिपत्रक आणि ते अमलात आणण्याची इच्छा.

सरकारी विक्री संपते तेव्हा दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असली पाहिजेत : अधिक देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला बोलायला अवसर मिळाला का, आणि ज्याची वस्तू विकली गेली त्याला हे पडताळून पाहता येईल का? ध्वनिलहरी आणि खाणी विकताना ही काळजी घ्यायला आपण शिकलो, तेही न्यायालयाने कान धरल्यावर. थकबाकीदाराला आपल्या घराच्या लिलावासाठी न्यायालयाचे दार ठोठावणे परवडत नाही. तेवढ्यासाठी तरी हा धडा प्रशासनाने आपणहून गिरवावा.