रामापिथेकसला रांगेतून काढा

2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा शाबूत आहे याचं मला बरं वाटलं. माझी सारी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात गेली. पण त्या धड्यात माणसाच्या पूर्वजांच्या रांगेत अजूनही रामापिथेकस उभा आहे. जगाने त्याला तिथून हलवून चाळीस वर्षं झाली.

1932 साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईसला हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ, शिवालिकच्या खडकांत वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. 1934 मध्ये त्याने नाव दिलं रामापिथेकस. साठच्या दशकात जीवाश्मशास्त्रज्ञ एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी या जबड्याला मानवी पूर्वजाचा मान दिला. दातांची कमान माणसासारखी गोलसर आहे, हा एक मोठा आधार. गंमत अशी की मधला भागच हाती नव्हता. कमान अंदाजाने पुरी केलेली.

1967 मध्ये बर्कलीच्या व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली. माणूस आणि आफ्रिकी एप वेगळे होऊन जेमतेम 50 लाख वर्षं झाली, असं त्यांनी मांडलं. मग त्याहून कितीतरी जुना रामापिथेकस आपला पूर्वज कसा? जीवाश्मवाल्यांनी ते उडवून लावलं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस नावाच्या जीवाश्म एपचा चेहरा सापडला, आणि तो निघाला थेट ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथेकस त्याच शिवापिथेकसमध्ये जमा झाला. 1982 मध्ये हा चेहरा जगापुढे मांडणारा होता खुद्द पिलबीम. आपलंच मत त्याने चारचौघांत मागे घेतलं.

उत्क्रांती शिकवताना ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?’ असं मुलं विचारतात. 2018 मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही तेच म्हटलं होतं. आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण एका पूर्वजाच्या दोन शाखा, एवढंच त्याचं म्हणणं. न पाहिलेली गोष्ट कळते कशी, हे मात्र मुलांना दाखवावं लागतं. त्यासाठी जबडा, रक्त आणि चेहरा यांच्या या भांडणाइतका चांगला धडा मला माहीत नाही. पूर्वजांची नावं क्रमाने लिहायला लावून दोन गुण देण्यात तो हरवतो.

पाठ्यपुस्तक मंडळाला माझी विनंती आहे: पुढच्या आवृत्तीत रामापिथेकस रांगेतून काढा आणि त्याची ही हकिगत एका चौकटीत छापा.